मैदानावरची ओळख

घोड नदीच्या खोऱ्यात, हुतात्मा बाबू गेनू सागराच्या काठी डिंभे गाव आहे. मुलांनो, अशी कल्पना करा की, तेथील शाळेत इंग्रजी शिकविण्यासाठी एक परदेशी गुरुजी आले आहेत. वर्गात ते बोलतील आणि मुले ऐकतील. पण शाळा सुटल्यावर काय? पारावर बसलेल्या वडीलधाऱ्या माणसांशी ते कोणत्या भाषेत बोलणार? गुरुजींपाशी मराठी नाही आणि गावापाशी इंग्रजी नाही. मुले लांबूनच त्यांच्याकडे पाहतील, आपसांत हसतील आणि पळून जातील.

आता समजा, एके दिवशी कबड्डीचा डाव रंगला असता हे गुरुजी बाह्या सारून मैदानात उतरले. पहिल्याच चढाईत चार-पाच मुले त्यांना धरून मातीत लोळवतील, यात मला तरी शंका वाटत नाही. खेळाचे नियम त्यांना ठाऊक नाहीत. तेव्हा बारा वर्षांची मुले हातांनी खुणा करून ते त्यांना शिकवतील. ‘धर’, ‘सोड’, ‘मागे फीर’, ‘बाद’ हे शब्द कानांवर पुनःपुन्हा पडतील आणि प्रत्येक शब्दाबरोबर त्याचा अर्थही डोळ्यांसमोर घडेल. दिवेलागणीपर्यंत ते शब्द गुरुजींना पाठ होतील. वर्गात चूक झाली की मनुष्य ओशाळतो. खेळात चूक झाली की हशा पिकतो आणि डाव पुढे चालू होतो. शिवाय, जे वर्गात शिकवितात तेच मैदानावर शिष्य झालेले पाहून मुलांची भीड चेपते, ती गोष्ट निराळीच.

ही झाली कल्पना. प्रत्यक्ष घडलेली हकीकत पाहावयाची, तर आपणांस जपानात जावे लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानने पाश्चात्त्य विद्या शिकण्याचे मनावर घेतले आणि त्यासाठी दूरदूरच्या देशांतून अध्यापक बोलाविले. त्यांत होरेस विल्सन नावाचे एक अमेरिकन गृहस्थ होते. टोकियोतील एका शाळेत ते इंग्रजी शिकवीत. याच शाळेतून पुढे टोकियो विद्यापीठ उभे राहिले. आपले विद्यार्थी बुद्धिमान आहेत, परंतु त्यांच्या शरीरास व्यायाम पुरेसा नाही, असे त्यांना वाटले. १८७२ साली त्यांनी मुलांना बेसबॉल शिकविला. आपल्या क्रिकेटप्रमाणेच हाही फळी-चेंडूचा खेळ. चेंडू टोलवावयाचा आणि चौकोनाच्या चार कोपऱ्यांना शिवून मूळ जागी परत यावयाचे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

काही वर्षांनी विल्सन मायदेशी परतले. खेळ मात्र जपानातच राहिला. मौज अशी की, तेथील मुलांनी तो नुसता उचलला नाही, तर आपल्या भाषेतही आणला. मासाओका शिकी या थोर जपानी कवीस विद्यार्थिदशेपासून बेसबॉलचे वेड होते. त्यांनी त्यावर कविता रचल्या आणि खेळातील इंग्रजी संज्ञांना जपानी प्रतिशब्द दिले. १८९४ साली खेळाला ‘याक्यू’ हे जपानी नावही मिळाले. ‘या’ म्हणजे मैदान आणि ‘क्यू’ म्हणजे चेंडू. परक्याने दिलेली वस्तू आपल्या भाषेत नांदू लागली, की ती परकी राहत नाही.

परंतु एक अडचण होती. योकोहामा बंदरात राहणाऱ्या परदेशी लोकांचा स्वतःचा संघ होता. टोकियोच्या विद्यार्थ्यांनी त्यांना सामन्याचे आव्हान दिले. त्यांनी ते कित्येक वर्षे स्वीकारले नाही. अखेर १८९६ साली सामना झाला आणि विद्यार्थ्यांनी तो २९ विरुद्ध ४ अशा गुणांनी जिंकला! यावर परदेशी संघाने पुन्हा खेळण्याची इच्छा दर्शविली, हे त्यास शोभण्यासारखेच झाले. दुसरा सामनाही विद्यार्थ्यांनीच जिंकला.

१९८७ पासून जपान सरकारच्या एका योजनेतून परदेशी तरुण इंग्रजीचे साहाय्यक अध्यापक म्हणून तेथील शाळांत जातात. त्यांपैकी कित्येक जण शाळा सुटल्यावर मुलांबरोबर ज्यूदो किंवा केंदो खेळतात. येथे विल्सन यांच्या काळाच्या उलट प्रकार असतो. खेळ गावचा आणि नवशिके गुरुजी!

मात्र मैदानावर जमलेली ओळख मैदानाबाहेरही आपोआप पोहोचते, असे नाही. याचे उदाहरण आपल्या पुणे जिल्ह्यातच आहे. त्यात अध्यापक नाहीत, पण परदेशी साहेब आहे. सुमारे १८९२ मध्ये बाळू पालवणकर नावाचा चर्मकार समाजातील तरुण पुण्यातील इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टी लाटण्याचे व जाळी बांधण्याचे काम करीत असे. तेथील कॅप्टन ग्रेग हे नामांकित फलंदाज. ते इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूकडून गोलंदाजी करवून घेत. त्या सरावाने दोघांचाही खेळ सुधारला. पण इतके तास गोलंदाजी करणाऱ्या बाळूच्या हाती साहेबांनी फळी कधी दिली नाही.

आपल्या लोकांचे वागणे याहून बरे होते, असे कोणी समजू नये. पुण्याच्या हिंदू संघाने बाळूंना घेतले ते इंग्रजांना हरविण्यासाठी. खेळताना चेंडू एकच असे; चहाच्या वेळी मात्र त्यांना बाहेर निराळ्या मातीच्या पात्रात चहा मिळे. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात बाळूंनी आठ गडी बाद केले. मुंबईच्या खेळाडूंनी त्यांना आपल्या पंक्तीस बसविले. १९११ साली इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच लाभले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ साली मिळाले.