पाळी जाण्याचे दिवस

हा धडा बायांचा आहे. पण बाप्यांनी पान उलटू नये. त्यांच्यासाठीच तो जास्त लिहिला आहे.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या घरची मंडळी मध्यरात्री उठून अंगणात जाऊन बसायची. दिवस थंडीचे, आणि ही पदराने वारा घ्यायची! दिवसा जराशा कारणाने भांडी आदळायची, मग एकटीच रडायची. आम्ही शेकडो पोरांना शरीराचा धडा शिकवलेला, पण घरात काय चालले आहे ते आम्हांस कळेना. उलट आम्हीच रागावलो. "घरात सून आली, आता तरी नीट वाग," असे बोललो. शेजारणीने बाहेरची बाधा सांगितली, लिंबू उतरवले. शेवटी उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी विचारले, "काकू, पाळी कधी आली होती?" तेव्हा उलगडा झाला. हिचे वय तेव्हा ४८ होते.

बाईच्या ओटीपोटात गर्भपिशवी असते. पिशवीच्या दोन्ही बाजूंना एकेक बीजकोश असतो. त्यातून बहुधा महिन्याला एक बीज सुटते. या बीजकोशांतून एक रस रक्तात मिसळतो. डॉक्टर त्याला इस्ट्रोजेन म्हणतात. वय वाढले की बीजे संपत येतात, रस कमी होतो. पाळी मागेपुढे होते, आणि एक दिवस थांबते. सलग १२ महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली असे समजावे. तोवर दिवस राहू शकतात, हे विसरू नये. बहुतेक बायांची पाळी ४५ ते ५५ या वयात जाते. चाळिशीच्या आत गेली तर डॉक्टरला दाखवावे.

रस कमी झाला की शरीराचा उष्णतेचा काटा बिघडतो. छाती, मान, तोंड यांवर एकदम वाफ आल्यासारखे होते. घाम फुटतो, छाती धडधडते. थोड्या वेळाने ओसरते, मग थंडी वाजते. रात्री असे झाले की झोप मोडते. झोप मोडली की चीड येते, विसरायला होते, मन उदास होते. कोणाला हा त्रास वर्षानुवर्षे होतो, कोणाला मुळीच होत नाही. यात नाटक नाही आणि भूतही नाही.

आणखी एक गोष्ट आहे. ती बाई कोणालाच सांगत नाही. अंगाची जागा कोरडी पडते. नवऱ्याजवळ जाताना दुखते, लघवीला जळजळ होते. नवऱ्याला वाटते, बायको उगाच दूर पळते. यावर दवाखान्यात मलम मिळते. आशाताईंशी किंवा नर्सबाईंशी बोलावे. त्या रोज असले ऐकतात.

हाडांचेही बघायला हवे. हा रस हाडे राखतो. तो गेला की हाडे लवकर झिजतात, मग साध्या पडण्याने मनगट मोडते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दिवसाला हजाराच्या वर लागते. म्हणून नाचणीची भाकर, तीळ, ताक, शेवग्याचा पाला खावा. बाप्यांना वाढून उरले तर खायचे, असे नव्हे. मिसरी सोडता आली तर फारच बरे.

आता पिशवी काढण्याबद्दल. आमच्या नात्यातल्या एका बाईला पांढरे जात होते. वय ३५. एका खाजगी डॉक्टरने सांगितले, "पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल." घरच्यांनी शेळ्या विकून पैसे भरले. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही गेले. महिन्याभरात तिच्या अंगाची लाही लाही होऊ लागली. बीजकोश काढले की असेच होते. ही एकटीची गोष्ट नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची २०१९ साली सरकारने पाहणी केली. ८२ हजारांवर बायांना विचारले, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायांची पिशवी काढलेली निघाली. पांढरे जाणे बहुधा औषधाने बरे होते. काही दुखण्यांत पिशवी काढावीच लागते, हे खरे. पण आधी सरकारी दवाखान्यात दुसरे मत घ्यावे. बीजकोश काढणार का, ते विचारावे. कागदावर सही करण्याआधी तो वाचावा. आता तुम्हांला वाचता येते.

मात्र पाळी जाऊन वर्ष झाले आणि पुन्हा अंगावरून गेले, एक डाग जरी दिसला, तरी लगेच डॉक्टरकडे जावे. दर वेळी कॅन्सरच असतो असे नाही. पण असला आणि लवकर सापडला तर बाई वाचते. तिथे लाजण्यात वेळ घालवू नये. मन फारच खचले, जगणे नको वाटू लागले, तर १४४१६ हा सरकारी फोन आहे. पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येते.

आमच्या घरी काय केले? हिने रात्रीचा चहा सोडला. सुती लुगडे नेसून खिडकीशी निजू लागली. संध्याकाळी बायांबरोबर ओढ्यापर्यंत चालून येऊ लागली. पहाटे तिची झोप पुरी व्हावी म्हणून म्हशीची धार काढायचे काम आम्ही घेतले. म्हशीने पहिले आठ दिवस आम्हांस लाथा मारल्या. मग तीही सरावली.