काटा थांबायच्या आधी

हिवरखेड, ता. तेल्हारा, जि. अकोला

चि. भाचीबाईस,

तुझं पत्र आणि सोबतचं गणित, दोन्ही मिळालं. टांगलेल्या स्प्रिंगला वजन अडकवलं तर ती किती ताणली जाईल, एवढाच प्रश्न. मैत्रिणीनं बलं समान धरली, तू ऊर्जा समान धरलीस आणि तुझं उत्तर तिच्या बरोबर दुप्पट आलं. खाली तू लिहिलंस, 'ऊर्जा नष्ट होत नाही म्हणतात, मग माझी अर्धी गेली कुठे?' असं विचारावंसं वाटलं याचा मला आनंद झाला. नुसतं सूत्र पाठ करणाऱ्याला ही अडचण येतच नाही.

सध्या इथं कापसाची वेचणी जोरात आहे. संध्याकाळी धुऱ्यावरच्या निंबाला तानकाटा टांगतात आणि एकेकीचं गाठोडं मोजतात. मजुरी किलोवर, त्यामुळे सगळ्यांचे डोळे काट्यावर. कोणी घाईनं गाठोडं आकड्याला लावून हात सोडला की काटा सपकन पुढं जातो, मागं येतो, थरथरतो. बाया लगेच म्हणतात, 'काटा थांबू द्या ना भाऊ, मंग वाचा!' तुझं उत्तर या थरथरीत आहे.

समज, गाठोडं २० किलोचं आहे आणि काटा स्थिर झाल्यावर आतली स्प्रिंग ४ सेंटिमीटर ताणलेली राहते. गाठोड्याचं वजन १९६ न्यूटन, म्हणून स्प्रिंगचा स्थिरांक ४९०० न्यूटन प्रति मीटर. आता स्प्रिंग न ताणता गाठोडं अडकवून हात एकदम सोडला. ४ सेंटिमीटर खाली येईपर्यंत गुरुत्वाकर्षणानं ७.८४ ज्यूल दिले. स्प्रिंगमध्ये साठले फक्त ३.९२. कारण गाठोड्याचं वजन पूर्ण वाटभर तेवढंच राहतं, पण हूकनं १६७८ साली छापलेल्या नियमाप्रमाणे स्प्रिंगची ओढ ताणाबरोबर वाढत जाते: शून्यापासून १९६ न्यूटनपर्यंत, म्हणजे सरासरी ९८. निम्मं बल, म्हणून निम्मी साठवण.

उरलेले ३.९२ ज्यूल गाठोड्याच्या वेगात आहेत. त्या जागी बलं समान झाली खरी, पण गाठोडं थांबलेलं नाही. उलट तिथंच त्याचा वेग सर्वांत जास्त आहे, सेकंदाला सुमारे ६३ सेंटिमीटर. ते तसंच खाली जातं आणि ८ सेंटिमीटरवर क्षणभर थांबतं. तिथं गुरुत्वाकर्षणानं दिलेले १५.६८ आणि स्प्रिंगमध्ये साठलेलेही १५.६८. तू काढलंस ते हे उत्तर. मैत्रिणीनं काढली समतोलाची जागा, तू काढलीस सर्वांत खालची जागा. दोघींचं गणित बरोबर, प्रश्न मात्र वेगळे. त्या क्षणी काटा ४० किलो दाखवतो. म्हणूनच २५ किलोच्या काट्यावर २० किलोचं गाठोडंही धाडकन सोडू नये.

तेव्हा पहिली गोष्ट मनात पक्की कर: समतोल म्हणजे विश्रांती नव्हे. ऊर्जेचं समीकरण मांडण्याआधी कोणत्या दोन क्षणांची तुलना करतेस ते शब्दांत लिही, आणि प्रत्येक क्षणी वेग किती, ताण किती, उंची किती, हे तिन्ही रकाने भर. रोजमेळात एक रकाना कोरा राहिला की बाकी जुळत नाही, तसंच हे.

दुसरी गोष्ट, अंतर समतोलाच्या जागेपासून मोज. मग गुरुत्वाची आणि स्प्रिंगची स्थितिज ऊर्जा वेगवेगळी सांभाळावी लागत नाही. दोन्ही मिळून एकच पद उरतं: स्थिरांक गुणिले अंतराचा वर्ग, भागिले दोन. गाठोडं सोडलं तेव्हा ते समतोलाच्या ४ सेंटिमीटर वर होतं, म्हणजे ३.९२ ज्यूल. मध्यावर तेच ३.९२ पूर्ण गतिज, आणि तळाशी पुन्हा पूर्ण स्थितिज. ॲम्प्लिट्यूड, म्हणजे समतोलापासूनचं सर्वांत जास्त अंतर, निम्मं केलंस तर ऊर्जा चौथाई होते, पण आवर्तकाल तोच राहतो, इथं सुमारे ०.४ सेकंद.

तिसरी गोष्ट, कुठल्या प्रश्नाला कोणतं साधन, ते ओळख. 'अमुक जागी वेग किती' असं विचारलं तर ऊर्जा वापर, दोन ओळींत उत्तर येतं. 'अमुक जागी केव्हा पोचेल' किंवा 'कोणत्या दिशेनं जात असेल' असं विचारलं तर ऊर्जा गप्प बसते. तिथं साइन-कोसाइनच लागतात.

आणि काटा शेवटी थांबतो त्याचं काय? काट्यातलं घर्षण, हवा, फांदीचं हलणं यांत ते ३.९२ ज्यूल हळूहळू उष्णता होऊन जातात. किती वेळ थरथरला, यानं हा ३.९२चा आकडा बदलत नाही. अनुभवी माणूस गाठोडं हातानं हळूच खाली सोडतो. तेव्हा तेवढीच ऊर्जा त्याच्या हातात जिरते आणि काटा थरथरतच नाही. ऊर्जा अक्षय्य आहे, पण फक्त स्प्रिंग आणि गाठोडं एवढंच पाहिलंस तर ती कमी होताना दिसणार. हिशेबात कोण कोण धरलं आहे, ते आधी ठरव.

आता एक गणित. समतोलापासून २ सेंटिमीटरवर गाठोड्याचा वेग किती? अंतर निम्मं म्हणून वेगही निम्मा, असं लिहून मोकळी होऊ नकोस. सर्वाधिक वेगाच्या सुमारे ८७ टक्के यायला हवा. का, ते सूत्राशिवाय, साध्या मराठीत लिहून पाठव.

आईला सांग, तुरीला शेंगा धरल्या आहेत. जागरण फार करू नकोस.

तुझा,
मामा