लग्नाची फिल्म इंटरनेटवर पाठविण्यापूर्वी

दोंडाईच्याची ओळख मिरचीच्या बाजारासाठी. पण सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरच्या या गावात लग्नसराई आली की आणखी एका धंद्याला तेजी येते, तो म्हणजे व्हिडिओ शूटिंगचा. आपल्यातले बरेच तरुण या हुन्नरावर घर चालवितात. कॅमेरा चांगला आहे, एडिटिंगची जाण आहे, पण शेवटची पायरी, म्हणजे तयार झालेली फिल्म एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधून बाहेर काढणे, तिथे अनेकांची मेहनत वाया जाते.

आमच्याच दुकानातली गोष्ट सांगतो. वलीम्याची फिल्म एका घरी दिली. मुलाचे मामा आखातात नोकरीला, त्यांना ती मोबाइलवर पाठविली. त्यांना आवाज ऐकू आला, पडदा मात्र काळा. फिल्म आम्ही दहा बिटच्या रंगात बाहेर काढली होती. आमच्या कॉम्प्युटरवर ती सुरेख चालत होती, त्यांच्या फोनला ती उलगडता येत नव्हती. गिऱ्हाईकाला वाटले, यांनी फसविले. दुसरी फाइल करून दिली, तरी शेवटचे पैसे मागायची हिंमत झाली नाही.

आता मूळ मुद्दा. एमपी४ हे फक्त पोते आहे. आत माल कसा दाबून भरला आहे, ते ठरविणाऱ्या पद्धतीला कोडेक म्हणतात. पोते एकच, पण भरण्याची रीत वेगळी असेल तर समोरच्याला ते उघडता येत नाही. म्हणून इंटरनेटसाठी एमपी४ पोते, चित्रासाठी एच.२६४ आणि आवाजासाठी एएसी, ही जोडी धरावी. एच.२६४ हे २००३ सालचे मानक. आज जवळजवळ प्रत्येक फोन आणि ब्राउझर ते वाचतो. रंग आठ बिट, ४:२:० ठेवावा. एच.२६५ मध्ये फाइल लहान होते हे खरे, पण ती सगळीकडे चालेलच असे नाही. जागा वाचविण्यापेक्षा गिऱ्हाईकाकडे फिल्म चालणे महत्त्वाचे.

एडियसमध्ये एफ११ दाबले की 'प्रिंट टू फाइल' उघडते. प्रीमिअरमध्ये कंट्रोल आणि एम. डाविंची रिझॉल्व्हमध्ये 'डिलिव्हर' नावाचे पानच आहे. नावे वेगळी, आतले प्रश्न तेच.

सर्वांत मोठा प्रश्न बिटरेटचा. दर सेकंदाला चित्रासाठी किती माल खर्च करायचा, तो हा आकडा. यूट्यूब साध्या वेगाच्या १०८० च्या चित्राला ८ मेगाबिट आणि ७२० च्या चित्राला ५ मेगाबिट सुचविते. हिशेब व्यापाऱ्याला कठीण नाही. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे ८ मेगाबिटला सेकंदाला एक मेगाबाइट, मिनिटाला ६०. तीन तासांचे लग्न म्हणजे १०,८०० मेगाबाइट, जवळपास पावणेअकरा जीबी. दुकानातली लाइन वर चढवायला २ मेगाबिटचा वेग देत असेल तर हे चढायला बारा तास लागतील, आणि मध्येच वीज गेली तर काय होते ते सांगायला नको. त्याच लग्नातला चार मिनिटांचा निवडक भाग ५ मेगाबिटने केला तर १५० मेगाबाइट, दहा मिनिटांत काम. म्हणून पूर्ण फिल्म पेनड्राइव्हवर आणि निवडक भाग इंटरनेटवर, असा करार आधीच करावा. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तो घेत नाही. एक्सफॅट करून घ्यावा.

दुसरी चूक वरातीत दिसते. लग्नाचे बरेच कॅमेरे ५०आय पद्धतीने चित्र घेतात, म्हणजे एक आड एक ओळी. टीव्हीवर ते खपून जाते, मोबाइलवर नाचणाऱ्यांच्या हातांना फणीचे दात फुटल्यासारखे दिसतात. बाहेर काढताना 'प्रोग्रेसिव्ह' निवडावे आणि वेग २५ फ्रेमचाच ठेवावा. ३० केल्यास चाल अडखळते. जुन्या कॅसेटवरची लग्ने करताना ७२० बाय ५७६ चे चित्र ७६८ बाय ५७६ करावे, नाहीतर माणसे बारीक दिसतात. रुंद पडद्यावर ताणले तर तीच माणसे लठ्ठ होतात. बाजूला काळी पट्टी राहिली तर राहू द्यावी.

स्वतःच्या वेबसाइटवर मालाची फिल्म ठेवणाऱ्या व्यापाऱ्यांनी आणखी एक पाहावे. एमपी४ मध्ये एक अनुक्रमणिका असते. ती शेवटी पडली तर, खतावणीची यादी शेवटच्या पानावर असावी तसे, फिल्म सुरू व्हायला उशीर होतो. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'वेब ऑप्टिमाइज्ड' अशी खूण आहे. ती केली की यादी पुढे येते. व्हॉट्सॲपवर फिल्म व्हिडिओ म्हणून न पाठविता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, म्हणजे ती पुन्हा दाबली जात नाही.

मालेगाव आपल्यापासून फार दूर नाही. शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर केला. त्या काळी फिल्म व्हिडिओ पार्लरमधून लोकांपुढे जाई. आज 'छोटू दादा'चे खान्देशी विनोदी पट यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिले जातात. पडदा गावातून फोनवर आला, म्हणून शेवटच्या पायरीचे महत्त्व वाढले.

पण लग्न म्हणजे विनोदी पट नव्हे. घरातल्या बायका-मुलींचे चित्रण कोणाला दाखवायचे, हे घरच्यांनी ठरवायचे, शूटिंगवाल्याने नाही. यूट्यूबवर 'अनलिस्टेड' केले म्हणजे लपले असे समजू नये. दुवा ज्याच्या हाती पडेल तो पाहू शकतो. 'प्रायव्हेट' केल्यास बोलावलेलेच पाहतात. सिनेमाचे गाणे घातले असेल तर गाण्याचा मालक हक्क सांगू शकतो आणि फिल्म अडू शकते, हेही गिऱ्हाईकाला ऑर्डर घेतानाच सांगावे, जमल्यास पावतीवर लिहून द्यावे. आणि मूळ फिल्म, न दाबलेली, दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवल्याशिवाय कॅमेऱ्याचे कार्ड पुसू नये.