पाकिटावरचा आकडा आणि घरची आमटी

एक उकडलेलं अंडं आणि एक डायजेस्टिव्ह बिस्कीट, दोन्हींत साधारण सत्तर कॅलरी. मोबाइलमधल्या अ‍ॅपला दोन्ही सारखीच. अंडं खाल्लं की पोट बराच वेळ गप्प बसतं आणि बिस्कीट खाल्लं की हात आपसूक पुड्याकडे परत जातो, हे लिहायला त्या अ‍ॅपात रकाना नाही. मी नोकरीनं अकाउंटंट. जे रकान्यात बसत नाही ते झालंच नाही असं धरून चालायची सवय. त्यामुळे कॅलरी मोजून वजन उतरवायचा बेत माझ्या स्वभावाला फार मानवला. तब्येतीला मुळीच मानवला नाही.

मोजायला लागल्यावर माझ्या ताटाचं काय झालं ते आधी सांगते, कारण या गोष्टीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. जे मोजायला सोपं, तेच मी खाऊ लागले. पाकिटावर आकडा छापलेला असतो. ओट्सचा बार, मल्टिग्रेन खाकरा, लो फॅट फ्लेवर्ड दही, शुगर फ्री कुकीज. बारकोड दाखवला की नोंद झाली, जीव शांत. घरच्या आमटीला बारकोड कुठून असणार? सासूबाईंना विचारलं, ‘‘आई, आमटीत तेल किती घातलंत?’’

‘‘फोडणीपुरतं.’’

‘‘म्हणजे किती चमचे?’’

‘‘अगं, फोडणी काय चमच्यानं मोजून करतात होय? डाळ किती, माणसं किती, त्यावर असतं ते.’’

उत्तर अगदी बरोबर होतं, पण अ‍ॅपात घालता येण्यासारखं नव्हतं. मग मी आमटी बाजूला सारून पाकिटातलं सूप उकळून प्यायले. कॉर्नफ्लोअर, मीठ, साखर आणि तीन-चार सुकलेले मटार. त्याचा आकडा मात्र छापील होता. शेपूची भाजी, मटकीची उसळ, चाकवताचं गरगटं हे सगळं हळूहळू माझ्या ताटातून गेलं. कुणी ‘खाऊ नको’ म्हणालं नव्हतं. मोजायचा कंटाळा, एवढंच कारण.

रोजची मर्यादा बाराशेची. हा आकडा कुठल्या शास्त्रीय मंथनातून आला असेल असं मला वाटायचं. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या डॉ. लुलू हंट पीटर्स यांचं कॅलरींवरचं पुस्तक १९१८ साली आलं आणि तुफान खपलं. पावाचा तुकडा न म्हणता ‘इतक्या कॅलरींचा पाव’ म्हणायला बायकांना शिकवलं ते या बाईंनी, आणि बाराशेचा आकडाही त्यांच्याच सल्ल्यातला. शंभर वर्षांनंतर सांगलीत बसून मी तोच पाळत होते. माझी उंची, वय, दिवसभराचं काम यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

वजन उतरलं. ते कबूल न करणं खोटेपणाचं होईल. सुरुवातीला भराभर उतरलं, मैत्रिणींनी ‘काय करतेस गं?’ विचारलं, ब्लाउज उसवून आत घ्यावे लागले. मग काटा एका जागी अडकला. हातपाय गार पडू लागले. घरात कुणी काही विचारलं तरी मी वसकन अंगावर जायची. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मिसळीचे, पुरणपोळीचे व्हिडिओ बघत बसायची. आणि काही महिन्यांनी कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आणि लोह दोन्ही खाली. अन्न एकाएकी तोडलं की केस लगेच गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी गळतात, त्यामुळे बऱ्याच जणींना त्याचा डाएटशी संबंध लागतच नाही आणि त्या तेल-शाम्पू बदलत बसतात.

व्हिडिओंबद्दल सांगायचं तर त्यात मी एकटी नाही. १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. युद्धानंतर उपाशी लोकांना परत कसं जेवू घालायचं, हे त्यांना शोधायचं होतं. त्या तरुणांना रोज पंधराशेहून जास्त कॅलरी मिळत होत्या. तरी ते चिडचिडे झाले, त्यांना सारखी थंडी वाजू लागली, आणि पाककृतींची पुस्तकं घेऊन ते तासन् तास वाचत बसू लागले. हे वाचलं तेव्हा मला माझ्यावरचा राग थोडा आवरता आला. मनाचा दुबळेपणा म्हणून मी जे धरलं होतं, ते भुकेल्या शरीराचं साधं काम होतं. अ‍ॅप सोडलं आणि उतरलेलं बरंचसं वजन परत आलं.

कॅलरी खोट्या असतात असं मी म्हणत नाही. पोटात जास्त गेलं आणि खर्च कमी झाला तर चरबी साठणारच. पण आपण घरात बसून जे मोजतो त्याला मोजणं म्हणावं का, हा प्रश्न आहे. वाटी कुणाची, केवढी? एक मोठा चमचा तेल इकडचं तिकडं झालं की सव्वाशे कॅलरी फिरल्या. शिवाय अन्नातली सगळी ऊर्जा अंगी लागते असंही नाही. अमेरिकन कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ साली दाखवलं की, २८ ग्रॅम अख्ख्या बदामांतून पुस्तकात लिहिलेल्या सुमारे १७० नव्हे, तर १२९ कॅलरीच शरीराला मिळतात. नीट न चावलेल्या दाण्यातलं तेल पेशींत अडकून तसंच बाहेर जातं. आमच्या ऑफिसात ताळेबंदात एवढी तफावत निघाली असती तर ऑडिटरनं सही केली नसती.

मला खरं वळवलं ते दोन अभ्यासांनी. पहिला २०१९ सालचा, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केव्हिन हॉल यांचा. वीस माणसांना संस्थेतच ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं, पाकिटातलं अन्न आणि दोन आठवडे साधं, घरी शिजवावं तसं अन्न. समोर मांडलेल्या जेवणात कॅलरी, साखर, चरबी, चोथा सगळं सारखं. सांगितलं एवढंच की, हवं तेवढं खा. पाकिटातल्या अन्नावर असताना माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली, तीही भराभर, आणि त्यांचं वजन जवळजवळ एक किलोनं वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच कमी झालं. अभ्यास छोटा आहे, अवघ्या चार आठवड्यांचा, हे विसरू नये. दुसरा स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांचा, २०१८ सालचा, वर्षभराचा, ६०९ जणांचा. अर्ध्यांना चरबी कमी, अर्ध्यांना पिष्ट कमी. पण दोघांनाही सांगितलं होतं की भाज्या भरपूर, साखर-मैदा टाळा, शक्यतो घरी शिजवा, आणि कॅलरींची मर्यादा कुणालाच घातली नाही. दोन्ही गटांचं वजन सरासरी पाच-सहा किलोंनी उतरलं. सरासरीच्या पोटात मात्र गंमत आहे. काहींचं वीस किलोंहून जास्त गेलं, काहींचं उलट वाढलं. तेव्हा शेजारणीचं उतरलं तेवढंच माझंही उतरेल, हा हिशेब धरू नका.

आता मी काय करते. निवड मी ताटावर बसल्यावर करत नाही, मंडईत पिशवी भरताना करते. घरात पुडा आलाच नाही तर रात्री साडेदहाला त्याच्याशी झुंजावं लागत नाही. शेतातून निघालेलं धान्य, कडधान्य, भाजी, फळ ओळखू येईल अशा रूपात घरी आलं पाहिजे, एवढीच अट. अख्खा मूग, मटकी, हुलगे भिजवून मोड आणायचे. हे काम रविवारी एकदा केलं की निम्मा आठवडा निभावतो. डब्यात शाळूची भाकरी, उसळ, एखादी पालेभाजी (तांदूळजा, अंबाडी, करडई, मंडईत त्या दिवशी जे ताजं असेल ते), काकडी किंवा मुळा. घरी असले तर ताक. चार वाजता फुटाणे नाहीतर पेरू. पेरूचा रस नव्हे, पेरू. रस काढला की चोथा गाळणीत राहतो आणि ग्लासात साखरेचं पाणी उरतं.

भाकरीबद्दल एक गैरसमज खोडून काढते. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यापासून ज्वारी म्हणजे वजन उतरवायचं औषध असा प्रचार चालू आहे. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्याच आहेत. मंगळवेढ्याची मालदांडी आणली तरी त्यात फरक पडत नाही, चवीत पडतो. भाकरीचा फायदा वेगळा. ती चावावी लागते, तेल न लावता होते, आणि तिच्यासोबत पातळ भाजी, उसळ, कांदा लागतोच. दीड भाकरीत पोट भरलं असं जिभेच्या आधी जबडा सांगतो. बिचाऱ्या बटाट्यालाही मी न्याय देणार आहे. डाएट म्हटलं की आधी त्याची हकालपट्टी होते. पण सिडनी विद्यापीठात १९९५ साली ३८ पदार्थ सारख्या कॅलरींत खायला देऊन पोट किती भरतं ते तपासलं, तेव्हा पहिला आला तो उकडलेला बटाटा. पावाच्या तिपटीनं जास्त. वेफर्सचा आणि बटाटेवड्याचा दोष उगाच त्याच्या माथी बसलाय.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही ताटाचा निम्मा भाग भाज्या-फळांचा आणि धान्यांतून मिळणारी ऊर्जा ४५ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं आहे. आपल्या ताटाकडे एकदा प्रामाणिकपणे बघा. डावीकडे चमचाभर कोशिंबीर, मध्ये भाताचा ढीग, कडेला पोळ्यांची चवड. मी पोळी-भात तोडला नाही, आधी कोशिंबीर आणि उसळ संपवायची ठेवली. मग भात आपोआप कमी लागतो.

‘घरचं म्हणजे चांगलं’ या समजुतीत मात्र फार जण फसतात. शेंगदाण्याची चटणी अस्सल अन्न आहे, पण शंभर ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात, आणि सोलापुरी चटणी समोर असली की माझा हात थांबत नाही, म्हणून ती मी डब्यातून वाटीत काढून घेते. गुळाला साखरेपेक्षा पवित्र मानून चहात दोन खडे टाकणं हीही स्वतःची समजूत काढणं आहे. खजुराचे लाडू, तुपाचा हात सैल सोडलेली खिचडी, तेच. मोजायचंच असेल तर एक गोष्ट मोजा. महिन्याला घरात तेल किती येतं आणि खाणारी तोंडं किती. हा भागाकार मात्र मी अजून करते.

उपवासाचं तर काय सांगावं. एकादशी, दुप्पट खाशी! साबुदाणा कंदापासून होतो म्हणून पुष्कळांना तो रानमेवा वाटतो. तो टॅपिओकाच्या कंदातून धुऊन काढलेला निव्वळ स्टार्च असतो, चोथा नाही की प्रथिनं नाहीत. त्यापेक्षा उकडलेलं रताळं, राजगिरा, ताक बरं.

पाकीट घ्यायची वेळ आलीच तर पुढची जाहिरात न वाचता मागची घटकांची यादी वाचा. त्यात जे वजनानं सर्वांत जास्त ते सर्वांत आधी लिहिलेलं असतं. ‘मल्टिग्रेन’ बिस्किटाच्या यादीत पहिला मैदा, मग साखर, मग पामतेल आणि धान्यं कुठेतरी शेपटाला, असं सर्रास दिसतं. राहिला प्रश्न कितीदा खायचं याचा. आहाराचा सल्ला देणाऱ्यांपैकी डॉ. दीक्षित म्हणतात दोनदाच जेवा, ऋजुता दिवेकर म्हणतात थोड्या थोड्या वेळानं खा, आणि यावरून आमच्या ऑफिसात मधल्या सुट्टीत भांडणं झालेली आहेत. कितीदा खायचं ते तुमच्या कामाच्या वेळा आणि तुमची भूक ठरवेल. पुड्यातलं खा, असं दोघांपैकी कुणीच सांगत नाही, हे भांडणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

या वाटेनं वजन हळू उतरतं. माझं पहिल्या खेपेपेक्षा कितीतरी सावकाश उतरलं, सणावाराला थांबलं, लग्नसराईत थोडं वर गेलं, पण गेलं ते राहिलं. केस सावरले. काट्यावर रोज चढण्यापेक्षा महिन्यातून एकदा कमरेला टेप लावा. भारतीय बायकांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटीमीटरच्या आत असावं असं डॉक्टर मानतात.

कुणी कॅलरी मोजूच नये का? आठवडाभर मोजून बघायला हरकत नाही, आपण काय काय तोंडात टाकतो ते कळतं. पण मोजण्यापायी घरचं जेवण टाळावंसं वाटायला लागलं, लग्नाच्या पंगतीत बसायची भीती वाटली, किंवा एक लाडू खाल्ला म्हणून रात्रीचं जेवण रद्द करावंसं वाटलं, तर अ‍ॅप त्याच क्षणी काढून टाका. वयात येणाऱ्या मुलींच्या हातात तर ते देऊच नका.

आणि औषधं चालू असणाऱ्यांनी एवढं ऐकाच. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर भात-पोळी कमी केल्यावर त्याच डोसनं साखर धोकादायक खाली जाऊ शकते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन असेल तर पालेभाज्या एकदम वाढवल्यानं त्याचा परिणाम कमी होतो. किडनीचा आजार असेल तर डाळी, कडधान्यं आणि काही भाज्या मोजूनच खाव्या लागतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी वजन उतरवायच्या भानगडीतच पडू नये. तेव्हा मंडईत जाण्याआधी औषधांची चिठ्ठी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा आणि काय बदलणार आहात ते त्यांना नीट सांगा.