साबरमतीवरचा लोखंडी पूल

नदीला पूल नसला म्हणजे किती हाल होतात, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. पूर आला की अलीकडचा माणूस अलीकडे, पलीकडचा पलीकडे!

अहमदाबाद शहर साबरमती नदीच्या काठी आहे. आज ते गुजरातेत आहे. १९६० पर्यंत ते मुंबई राज्यात होते. तिथे १८७१ च्या सुमारास इंग्रज सरकारने लाकडी पूल बांधला. जवळजवळ साडेपाच लाख रुपये लागले. १८७५ साली मोठा पूर आला. पूल वाहून गेला. सारा पैसा पाण्यात!

मग लोखंडी पूल बांधायचे ठरले. काम हिंमतलाल धीरजराम भचेच या इंजिनिअरांकडे आले. पोलाद विलायतेहून आणले. १८९२ साली पूल पुरा झाला. एलिस नावाच्या इंग्रज कमिशनरांवरून त्याला एलिस पूल म्हणू लागले.

खर्चाचा अंदाज होता ५ लाखांचा. खर्च झाला ४ लाख ७ हजार. शाबासकी राहिली बाजूला, सरकारला उलट संशय आला. पैसे उरले, म्हणजे माल हलका वापरला असेल! चौकशी समिती बसली. तिने काम तपासले. काम उत्तम निघाले. पुढे हिंमतलालांना ‘रावसाहेब’ हा किताब मिळाला.

या पुलाची मजबुती कशात आहे? घरी करून बघा. चार काठ्यांचा चौकोन करा. प्रत्येक कोपऱ्याला एकच खिळा मारा. जरा दाबला की चौकोन कलतो. आता तीन काठ्यांचा त्रिकोण करा. तो कलत नाही. म्हणून तर छपराची कैची तिकोनी असते. एलिस पुलाच्या दोन्ही बाजूंना धनुष्यासारख्या लोखंडी कमानी आहेत. कमान आणि खालची पट्टी यांच्यामध्ये तिरप्या पट्ट्या जोडून असेच त्रिकोण केले आहेत.

या पुलावरून सुमारे शंभर वर्षे रहदारी चालली. पुढे वाहने वाढली, पूल अपुरा पडला. तेव्हा त्याच्या दोन्ही अंगांना नवे पूल बांधले. जुना मात्र मोडला नाही, मध्ये तसाच राखला.

कमी खर्च म्हणजे कच्चे काम नव्हे, आणि जास्त खर्च म्हणजे पक्के काम नव्हे. नुसत्या संशयाने कोणाला चोर म्हणू नये, आणि न तपासता कोणाला साव म्हणू नये. गावात मोरी किंवा शाळेची खोली बांधली, तर ग्रामसभेत हिशेब मागा. आता तुम्हांला वाचता येते. कागद स्वतः वाचा, मगच सही करा.

प्रश्न
१. लाकडी पुलाचे काय झाले?
२. सरकारला संशय का आला?
३. ५,००,००० मधून ४,०७,००० वजा करा. किती रुपये वाचले?