निरीक्षण विहीर : भूजल मोजावे कसे?

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशी वेळ येण्यापूर्वीच जमिनीखालचा साठा किती उरला आहे, हे कळले तर किती बरे! त्यासाठीच निरीक्षण विहिरी असतात. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा अशा विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे या महिन्यांत मोजते.

शिरूर अनंतपाळ परिसरात काळ्या मातीखाली मुरूम व त्याखाली काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसाल्टचे, थर आहेत. पाणी मुरमात, भेगांत व सच्छिद्र थरांत साठते. अखंड पाषाणात ते जवळजवळ नसतेच. म्हणून ज्या थराचे पाणी तपासायचे, त्याच थरासमोर जाळीचा पाइप बसवावा लागतो.

समजा, १५ सेंमी व्यासाचे ३० मीटर खोल छिद्र घेतले. त्यात १० सेंमी आतील व्यासाचा पाइप सोडतात. जाळीभोवती बारीक, धुतलेली वाळू-खडी भरतात. तिच्यावर बेंटोनाइट माती टाकतात. ही माती पाण्याने फुगते आणि वरच्या थराचे पाणी खाली उतरू देत नाही. त्यावर सिमेंट भरून तोंडाला कुलपाचे झाकण बसवितात.

आता पातळी मोजू. पोलादी फितीच्या टोकाकडील भागास खडू फासून ती पाइपात सोडा. पाइपाच्या काठाशी १५ मीटरची खूण धरली आणि २.५ मीटर फीत भिजली, तर पाणी काठापासून १२.५ मीटरवर आहे. काठ जमिनीपासून ०.५ मीटर उंच असल्यास जमिनीपासूनची पातळी १२ मीटर झाली.

नमुना मात्र लगेच घेऊ नये. पाइपात साचून राहिलेल्या पाण्याचा हवेशी संबंध आलेला असतो. ते थरातील खरे पाणी नव्हे. पाण्याचा स्तंभ ३० – १२ = १८ मीटर. त्याचे घनफळ ३.१४ × ०.०५ × ०.०५ × १८ = ०.१४१ घनमीटर, म्हणजे १४१ लिटर. साधारणपणे याच्या तिप्पट, सुमारे ४२४ लिटर, पाणी आधी उपसतात. तापमान, सामू व विद्युतवाहकता स्थिर झाली की बाटली त्याच पाण्याने खंगाळून भरतात. सामू जागेवरच मोजावा, कारण विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निसटला की तो वाढतो. नायट्रेटसाठीचा नमुना थंड ठेवून प्रयोगशाळेत न्यावा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे.

मे ते ऑक्टोबर पातळी ५ मीटर चढली, म्हणजे ५ मीटर पाणी साठले काय? नाही! खडकातून निघू शकणारे पाणी त्याच्या घनफळाच्या शेकडा २ धरले, तर हा साठा केवळ १० सेंमी पावसाएवढा होतो. चढलेली पातळी पाहून उपसा वाढविणाऱ्याने हे गणित आधी करावे.

विद्यार्थी मित्रांनो, शिक्षकांना सोबत घेऊन, कठडा असलेल्या व उपसा थांबलेल्या विहिरीची पातळी या चार महिन्यांत नोंदवा व आलेख काढा.

प्रश्न : वरील पाइपाचा व्यास दुप्पट केला, तर किती लिटर पाणी उपसावे लागेल?