गुलाबाचें प्रदर्शन आणि वऱ्हाडची काळी जमीन

थंडीचे दिवस आले म्हणजे अकोला व अमरावती या दोन्ही शहरांत फुलांचीं प्रदर्शनें भरूं लागतात. त्यांत गुलाबाच्या टेबलापाशीं गर्दी अधिक असते. आमचे शेतकरी बंधु बाजाराच्या किंवा कचेरीच्या कामास शहरांत आले असतां जातां जातां आंत डोकावतात आणि ‘हा शहरवाल्यांचा शौक आहे’ असें म्हणून बाहेर पडतात. प्रस्तुत लेखकहि पुष्कळ वर्षें असाच बाहेर पडत असे. पुढें त्याच टेबलापाशीं उभें राहून जें शिकावयास मिळालें, त्यानें गुलाबच नव्हे तर संत्र्याचीं झाडेंहि वांचलीं. म्हणून तो धडा येथें क्रमवार देण्याचें योजिलें आहे.

प्रदर्शन म्हणजे शेतकऱ्याची शाळा, ही गोष्ट वऱ्हाडास नवी नाहीं. अमरावती जिल्ह्यांतील पापळ गांवीं २७ डिसेंबर १८९८ रोजीं जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख हे केंद्रीय कृषिमंत्री असतां त्यांच्या पुढाकारानें दिल्लीस जागतिक कृषि-प्रदर्शन भरलें व तें ११ डिसेंबर १९५९ रोजीं सुरू झालें. पाहिलेलें ऐकलेल्यापेक्षां अधिक काळ टिकतें, हेंच अशा प्रदर्शनांमागील तत्त्व होय. त्यांचें नांव धारण करणारें कृषि विद्यापीठ अकोल्यास १९६९ सालीं स्थापन झालें.

गुलाबाच्या प्रदर्शनाची परंपरा याहून जुनी आहे. इंग्लंडांत रेनॉल्ड्स होल या धर्मोपदेशकाच्या खटपटीनें पहिलें राष्ट्रीय गुलाब-प्रदर्शन लंडन येथें १ जुलै १८५८ रोजीं भरलें. याच गृहस्थानें लिहून ठेविलेली एक हकीकत आपण ध्यानांत घेण्याजोगी आहे. नॉटिंगहॅम शहरच्या मजुरांनीं आपल्या गुलाबांचें परीक्षण करण्यास त्यास बोलाविलें. मजुरांचे कसले गुलाब, अशा शंकेनेंच तो गेला. पाहतो तों फुलें उत्कृष्ट. कडाक्याची थंडी पडली म्हणजे हे लोक स्वतःच्या अंथरुणावरील कांबळीं काढून गुलाबांच्या कांचघरांवर घालीत, असें त्यास तेथें कळलें. तात्पर्य, गुलाब हें श्रीमंताचें झाड नव्हे. तें लक्ष देणाऱ्याचें झाड आहे.

आतां लेखकाचा अनुभव. आमच्या शेतांत भारी काळी जमीन आहे. विहिरीजवळच्या तुकड्यांत मीं गुलाबाचीं चाळीस कलमें लाविलीं. पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें दोन फूट लांब, रुंद व खोल असे खड्डे घेतले आणि नदीकांठची पोयटा माती व शेणखत घालून ते भरले. त्याच वर्षीं शेजारच्या पट्ट्यांत संत्र्याचीं कलमेंहि तशाच खड्ड्यांत लाविलीं. कपाशीच्या पैशांतून हा खर्च झाला, म्हणून घरांत थोडी बोलणीं खावीं लागलीं. पहिला हिवाळा बरा गेला. दुसऱ्या वर्षीं श्रावणाची झड लागली आणि गुलाबाचीं पानें पिवळीं पडून गळूं लागलीं. फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खालपर्यंत वाळल्या. चाळिसांपैकीं तेवीस झाडें गेलीं. संत्र्याच्या बुंध्यांतून डिंक वाहूं लागला. रोपवाटिकावाल्यानें रोगट माल दिला असें मीं धरून चाललों, व त्यास चार शब्दहि सुनावून आलों.

त्या हिवाळ्यांत उरलेल्या झाडांचीं तीन फुलें घेऊन प्रदर्शनास गेलों. बक्षीस मिळण्याचा प्रश्नच नव्हता. शेजारच्या बाटलींत पहिल्या क्रमांकाचें फूल होतें. तें आणणारा एक वृद्ध माळी होता. माझ्या फुलाकडे न पाहतां त्यानें देठावरील पान उलटून पाहिलें आणि विचारलें, “भाऊ, जमीन काळी हाय का? मंग तुमच्या खड्ड्यातलं पानी जाते कुठं?” या एका प्रश्नाचें उत्तर मजपाशीं नव्हतें.

घरीं येऊन एक खड्डा उकरला. पाऊस संपून दोन महिने झाले होते, तरी तळाशीं चिखल होता व मुळें कुजून काळीं पडलीं होतीं. कारण सरळ आहे. भारी काळ्या जमिनींतून पाणी फार सावकाश झिरपतें. तिच्या पोटांत भुसभुशीत मातीनें भरलेला खड्डा म्हणजे एक लहानशी विहीरच. चोहोंकडचें पाणी त्यांत उतरतें व बाहेर जाण्यास वाट मिळत नाहीं. मुळांस हवा न मिळाल्यानें तीं कुजतात, आणि दुबळ्या झाडावर शेंडेमर व संत्र्यावर डिंक्या हे रोग सहज बसतात. दोष रोपवाटिकावाल्याचा नव्हता. माझ्या खड्ड्याचा होता. दुसऱ्याच दिवशीं जाऊन मीं त्याची क्षमा मागितली व उताराच्या दिशेनें चर खणावयास घेतले. संत्र्याचीं जीं झाडें थोडीं लागलेलीं होतीं, तीं सावरलीं.

याप्रमाणें एका प्रश्नानें जें शिकविलें त्याला पुढील वर्षांच्या अनुभवाची जोड देऊन, वऱ्हाडांत गुलाब लावूं इच्छिणारांसाठीं मुख्य गोष्टी खालीं देत आहें.

जमीन.— भारी जमिनींत खोल खड्डा न घेतां जमिनीच्या वर एक फूट उंच व तीन फूट रुंद गादी करावी. तींत काळी माती, मुरमाड माती व कुजलेलें शेणखत सारख्या प्रमाणांत मिसळावें. दोन गाद्यांमधील चर शेताबाहेर काढून द्यावा. बरड जमिनींत मात्र खड्डाच बरा, कारण तेथें अडचण पाणी टिकण्याची असते. चुनखडी अधिक असलेल्या जमिनींत कोवळीं पानें पिवळीं व शिरा हिरव्या असा केवडा दिसतो. जमिनींत लोह असूनहि चुन्यामुळें तें मुळांस मिळत नाहीं. अशा वेळीं १० लिटर पाण्यांत ५० ग्रॅम हिराकस व २५ ग्रॅम कळीचा चुना मिसळून व गाळून फवारावें.

पाणी.— अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोहों बाजूंस जो खारपाण पट्टा आहे, तेथील विहिरींचें पाणी गुलाबास मानवत नाहीं. पानांच्या कडा करपूं लागल्या म्हणजे खत कमी पडलें असें समजून आणखी रासायनिक खत घालण्याची चूक होते, व खारांत खाराची भर पडते. त्या भागांतील बंधूंनीं शेततळ्यांत सांठविलेल्या पावसाच्या पाण्यावर पुरतील इतकींच झाडें लावावीं.

खुंट.— वरूड, मोर्शी, अचलपूर या बाजूच्या संत्रेवाल्यांस खुंटाचें महत्त्व सांगावयास नको. जंबेरीच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधतात, त्याच रीतीनें गुलाबाचाहि डोळा रानटी गुलाबाच्या खुंटावर बांधतात. मल्टिफ्लोरा जातीचा खुंट किंचित् आम्ल जमिनींत चांगला चालतो. आपल्या चुनखडीच्या जमिनींत इंडिका ओडोराटा जातीचा खुंट अधिक तग धरतो. कलम घेतांना फुलाचा रंग सर्व विचारतात, खुंट कोणी विचारीत नाहीं. तो अवश्य विचारावा. डोळ्याच्या खालून निघणारे खुंटाचे फुटवे मुळापासून काढून टाकावे, नाहींतर दोन वर्षांत बागेंत खुंटच उरतो.

छाटणी.— मृग किंवा आंबिया बहार धरण्यासाठीं संत्र्यास ताण देतात, तसा छाटणीपूर्वीं आठ-दहा दिवस गुलाबाचें पाणी तोडावें. नंतर वाळलेल्या, रोगट, बारीक व एकमेकींस घासणाऱ्या फांद्या काढून तीन ते पांच जोरदार फांद्या ठेवाव्या व त्या जमिनीपासून एक ते दीड फुटावर कापाव्या. काप बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरपा घ्यावा आणि त्यावर बोर्डो मलम लावावें. मग प्रत्येक झाडास सुमारें ५ किलो कुजलेलें शेणखत व दोन मुठी निंबोळी पेंड देऊन पाणी सुरू करावें.

छाटणीचा दिवस हाच फुलाचा दिवस ठरवितो, हें प्रदर्शनाचें सर्वांत मोठें शिक्षण होय. ऑक्टोबरांत छाटलेल्या झाडास सुमारें पंचेचाळीस दिवसांत फुलें येतात. थंडी वाढेल तसे दिवसहि वाढतात, व जानेवारीच्या फुलांस पन्नास ते साठ दिवस लागतात. समजा, प्रदर्शन १२ जानेवारीस आहे. तर सर्व झाडें एकाच दिवशीं न छाटतां १३, १८ व २३ नोव्हेंबर अशा तीन दिवशीं तिसरा-तिसरा हिस्सा छाटावा. थंडी पुढें मागें झाली तरी एक हिस्सा वेळेवर साधतो. या तारखा वहींत टिपून ठेवाव्या. तीन वर्षांची वही झाली म्हणजे आपल्या शेताचें पंचांग तयार होतें. सणावारास बाजारांत फूल नेणारासहि हेंच पंचांग कामास येतें.

फुलाची निगा.— एका दांड्यावर एकच कळी ठेवून बाजूच्या कळ्या मोहरीएवढ्या असतांनाच खुडाव्या. मावा, फुलकिडे व भुरी यांकडे कळी धरल्यापासून रोज पाहावें. फूल अर्धें उमललें असतां, आदल्या संध्याकाळीं किंवा अगदीं पहाटे, धारदार कात्रीनें कापून तत्काळ बादलीभर पाण्यांत गळ्यापर्यंत बुडवावें व रात्रभर थंड, अंधाऱ्या खोलींत ठेवावें. दुपारीं कापलेलें फूल मोटारींतच मान टाकतें.

परीक्षण.— आमच्या लोकांस वाटतें कीं मोठें फूल तें पहिलें. तसें नाहीं. अमेरिकेच्या गुलाब-मंडळाच्या पद्धतींत १०० गुणांपैकीं घडणीस २५, रंगास २०, देठ व पानें यांस २०, पाकळ्यांच्या भरीवपणास १५, प्रमाणबद्धतेस १० व आकारास अवघे १० गुण असतात. देठ व पानें यांचें वजन आकाराच्या दुप्पट आहे, आणि तें योग्यच आहे. फूल चार दिवसांचें असतें. पान हें जमिनीची व मुळांची साक्ष देतें. त्या वृद्ध माळ्यानें फूल सोडून पान उलटलें, तें याच कारणासाठीं.

जातींविषयीं थोडें सांगतों. हायब्रिड टी या मोठ्या फुलांच्या वर्गांतील पहिला गुलाब ‘ला फ्रान्स’ हा १८६७ सालचा मानितात. ‘क्वीन एलिझाबेथ’ (१९५४), ‘ग्लॅडिएटर’ (१९५५), ‘सुपर स्टार’ (१९६०) व ‘डबल डिलाइट’ (१९७७) हीं नांवें आपल्याकडील बागांतून पुष्कळांच्या परिचयाचीं आहेत. झुपक्यांनीं फुलणाऱ्या वर्गांत पांढरा ‘आइसबर्ग’ (१९५८) प्रसिद्ध आहे. गव्हाच्या तांबेरा-रोधक जाती काढणारे शास्त्रज्ञ डॉ. बी. पी. पाल (१९०६–१९८९) यांनीं गुलाबाच्याहि अनेक भारतीय जाती निर्माण केल्या व १९६६ सालीं भारतांतील गुलाबावर ग्रंथ लिहिला. गव्हाचा व गुलाबाचा अभ्यास एकाच माणसानें करावा, यांत विसंगत असें कांहीं नाहीं. नवशिक्यानें चार-पांच जातींपेक्षां अधिक घेऊं नयेत.

येथें एक सावधगिरीची सूचना देणें कर्तव्य आहे. प्रदर्शनांतील फूल पाहून कोणी कपाशी मोडून गुलाब लावूं नये. प्रदर्शनाचें फूल आणि बाजाराचें फूल हीं दोन निराळीं पिकें आहेत. लांब दांड्याचें फूल पुणें जिल्ह्यांत मावळाकडे हरितगृहांतून निघतें. त्याच्याशीं उघड्यावरच्या झाडानें स्पर्धा करण्यांत अर्थ नाहीं. आपलें फूल हारांसाठीं सुटें विकलें जातें, व सण उतरला कीं भावहि उतरतो. म्हणून आधीं वीस-पंचवीस झाडांवर हात बसवावा, जवळच्या हारवाल्यांकडे वर्षभर काय खपतें तें विचारावें, आणि मगच दोन-चार गुंठ्यांचा विचार करावा. उरलेल्या देशी, सुवासिक व विषारी औषध न मारलेल्या फुलांच्या पाकळ्या सारख्या वजनाच्या खडीसाखरेबरोबर बरणींत थरावर थर देऊन तीन-चार आठवडे उन्हांत ठेविल्यास घरचा गुलकंद होतो.

शेवटीं एक विनंति आहे. शहराच्या प्रदर्शनाची वाट न पाहतां प्रत्येक गांवच्या मंडळीनें संक्रांतीच्या सुमारास शाळेच्या ओट्यावर आपलें लहानसें प्रदर्शन भरवावें. त्यास मांडव नको, कीं ढाली-करंडक नकोत. पाण्याच्या बाटल्या व चार बांकें पुरेत. तिळगुळासाठीं मंडळी घराबाहेर पडलेलीच असते. बायकामुलांचींहि फुलें मांडावीं. नियम एकच ठेवावा : प्रत्येक बाटलीखालीं एक चिठ्ठी असावी व तीवर जमीन, पाणी, खुंट, छाटणीची तारीख आणि मेलेल्या झाडांची संख्या, अशा पांच गोष्टी लिहाव्या. पांचवी गोष्ट लिहिण्यास संकोच वाटेल, परंतु तीच सर्वांत उपयोगाची आहे. मीं माझ्या चिठ्ठीवर दरवर्षीं ‘तेवीस’ हा आंकडा लिहितों. तो वाचून कोणीतरी थांबतो व कारण विचारतो. आणि मग मीं त्यास विचारतों कीं, तुमच्या खड्ड्यांतलें पाणी कोठें जातें?